काल्डफेल घाटातल्या काठ्या

४ ऑक्टोबर

गुनवोरने ही वही आणून दिली. म्हणाली, "तुझी कुरकुर ऐकायला माझे दोन कान पुरत नाहीत. उरलेली ह्यात लिही." इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोकडून मिळालेली ही भेट. वही तरी कसली, पहिलीतल्या पोरांची, जाड काळ्या रेघांची. दुकानात मोठ्या माणसांच्या वह्या नव्हत्या का, असं विचारलं तर म्हणे हीच मिळाली.

तिचं हल्ली काहीतरी बिनसलंय. गेल्या महिन्यात घराची पायरी तिने भडक पिवळी रंगवली. आता शेजारी विचारतात, तुमच्याकडे रस्त्याचं खोदकाम निघालंय का.

आज योरुनने बोलावलं. योरुन आमच्या मासेवाहतूक कंपनीची मालकीण. मी पहिला ट्रक तिच्या वडिलांबरोबर चालवला, आणि तिला स्टिअरिंग धरायला मीच शिकवलं. त्यामुळे ती मला हुकूम सोडत नाही, नुसती कॉफी पुढे सरकवते. कॉफी आली की ओळखायचं, काम अवघड आहे.

या वेळचं काम असं: सगळ्या गाड्या हिवाळ्यासाठी तयार करायच्या, आणि एक नवा ड्रायव्हरसुद्धा. माणूस पोर्तुगालचा. नाव इलिदियो, वय पंचेचाळीस, आजवर संत्री वाहिलेला.

"काल्डफेल घाट तो एकट्याने करू शकेल की नाही, ते नाताळाआधी तू सांगायचंस," योरुन म्हणाली. "तू हो म्हणालास तर ठेवते. नाही म्हणालास तर बिचाऱ्याला घरी पाठवते."

"आणि तोवर?"

"तोवर प्रत्येक फेरीला तुझ्या शेजारी, उजवीकडच्या सीटवर बसेल."

मला एकट्याने चालवायची सवय. पण संत्रीवाल्याच्या हाती घाट सोपवायचा तर कुणीतरी त्याला तासायला हवं, आणि ते मीच. जाता जाता योरुनने आठवण केली की माझा डॉक्टरी दाखला जानेवारीत संपतो. संपू दे, नवा घेऊ.

११ ऑक्टोबर

इलिदियो आला आणि येताना पराक्रम करून आला. कंपनीची गाडी दक्षिणेतून इकडे आणताना त्याने तिथेच दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. तिकडे स्वस्त मिळतं म्हणून. तिकडचं डिझेल उन्हाळी. रात्री इथे कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी टाकीत वनस्पती तुपासारखा गोळा.

"उस्ताद, काल तर छान चालत होती," तो म्हणाला.

"काल तू दक्षिणेत होतास. इथलं इंधन इथेच भरायचं. पाहुण्याने घरून जेवून येऊ नये."

अर्धा दिवस फिल्टर बदलण्यात आणि गरम हवा मारण्यात गेला. त्याने मान खाली घालून सगळं केलं, हात निळे पडले तरी. आडवं उत्तर नाही दिलं. उस्ताद म्हणतो मला. चार दिवसांत जाईल ते.

दुसरा धडाही आजच दिला. ओल्या रस्त्यावरून आलास आणि थंडी पडणार असेल तर हँडब्रेक ओढून गाडी उभी करायची नाही. ब्रेक चाकाला चिकटून गोठतात, मग सकाळी बाबापुता केलं तरी सुटत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना उटी, म्हणजे लाकडी पाचरी, लावायच्या. "त्या लिव्हरला मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही," असं बजावलं.

१९ ऑक्टोबर

खिळ्यांचे टायर चढले. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी काढलं. प्रत्येक गाडीत फावडं, वाळूची पोती, दोन झोपायच्या पिशव्या आणि रेनडियरची कातडी. इलिदियोने कातड्याला नाक लावलं आणि शिंकला.

मग साखळ्या. चाकांना साखळ्या चढवायला मी सगळ्यांना डोळ्यांवर मफलर बांधूनच शिकवतो. योरुनही तशीच शिकली. घाटात वादळ उठलं की डोळे काय कामाचे? हातांना कळलं पाहिजे कुठली कडी कुठे जाते. इलिदियो पाऊण तास झटापट करत होता. शेवटी म्हणतो, साखळीच आखूड आहे. नाचता येईना अंगण वाकडं. मी मफलर बांधला आणि तीच साखळी त्याच्यासमोर चढवून दाखवली. माझं मलाच बरं वाटलं. खरं म्हणजे डोळे बांधून मला हल्ली जास्तच चांगलं जमतं.

या वर्षी गाड्यांना बसवलेले दिवे मात्र अगदी टाकाऊ. उजेड पडतो पण पसरट, धुरकट. बनवणाऱ्यांनी पैसे खाल्लेत. योरुनला सांगितलं, तर म्हणाली बाकी कुणाची तक्रार नाही. बाकीच्यांना काय कळतंय.

२ नोव्हेंबर

घाटाच्या तीन फेऱ्या झाल्या. इलिदियोची खोड आता कळली. तोंड बंद म्हणून राहत नाही. जे दिसेल ते बोलतो. "उजवीकडे काठी. डावीकडे काठी. पुढे वळण, डावं. रेनडियर, उस्ताद, दोन, उजवीकडे. समोरून गाडी. गेली. काठी." रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या लाल काठ्या म्हणजे आमची हिवाळ्यातली रेघ, त्यांच्या मधोमध चालायचं. पण म्हणून प्रत्येक काठीचं नाव घ्यायचं?

"तू काय बारशाला आलायस का?" मी म्हटलं. "गप्प बस."

"पाठ करतोय, उस्ताद. मोठ्याने म्हटलं की डोक्यात राहतं."

पुढच्या वळणाला पुन्हा सुरू. डोकं उठलं.

येताना घाटाच्या पायथ्याशी सिगवार्ट रस्त्याकडेला उभा होता, लाल कोट घालून. बर्फ हटवणारा नांगर चालवतो तो. मी हात केला, तर ओळखसुद्धा दाखवली नाही. एकेकाला नव्या नांगराचा केवढा माज चढतो.

१६ नोव्हेंबर

आज सिगवार्टला गाठून दोन गोष्टी सुनावल्या. पहिली, हात केला की हात करावा. तो म्हणतो त्या दिवशी तो दातांच्या डॉक्टरकडे होता. खोटं बोलायचं तर जरा बरं बोलावं. दुसरी गोष्ट, या वर्षी काठ्यांवर लावलेली चमकती पट्टी हलक्या मालाची आहे. पूर्वी काठी लांबून डोळा मारायची.

"आर्नफिन, त्याच काठ्या आहेत," तो म्हणाला. "मागच्या वर्षी उपटल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या."

"मग नीट धुतल्या नाहीत."

तो इलिदियोकडे बघायला लागला आणि इलिदियो बुटांकडे. पोर्तुगीज माणसाला इथल्या काठ्यांतलं काय कळणार?

बाकी एक कबूल करतो. त्याची ती बडबड आता तितकी खटकत नाही. घरात रेडिओ चालू असतो तसं वाटतं. परवा तो डुलकी घेत होता तेव्हा मीच कोपराने डिवचून जागं केलं.

२३ नोव्हेंबर

गुनवोरने इलिदियोला जेवायला बोलावलं. तर त्याने हिच्याच स्वयंपाकघरात शिरून आमचा सुकवलेला कॉड भिजवला आणि लसूण, कांदा, बटाटे आणि वाटीभर ऑलिव्ह तेलात शिजवला. त्याच्या आजीच्या काळापासून त्यांच्याकडे आमच्याच किनाऱ्यावरचा मासा जातो म्हणे. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना मासा विकत आले, पण ते त्याचं करतात काय, हे कुणी विचारलं नाही. मी दोनदा वाढून घेतला आणि तेल जास्त झालं असं सांगितलं.

जेवणानंतर दोघं भांडी घासायला गेली आणि फार वेळ कुजबुजत बसली. मी आत गेलो तर एकदम हवापाण्याच्या गप्पा. मासा शिजवायची रीत शिकून घेत असेल.

रात्री गुनवोरने पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचं काढलं. ऑगस्टपासून हे चाललंय. मी म्हटलं, डोळे उत्तम आहेत, वर्तमानपत्राने शाई कमी केलीय. तिने वर्तमानपत्राची घडी घातली. दिवा बंद करून बराच वेळ जागी होती, ते मला श्वासावरून कळलं.

२५ नोव्हेंबर

आज सूर्य उगवला नाही. आता थेट जानेवारीत.

५ डिसेंबर

योरुनने विचारलं, इलिदियो तयार आहे का. अजून नाही, म्हणालो.

इथे खरं लिहायला हरकत नाही. तयार आहे. साखळ्या डोळे बांधून चढवतो, रिकामी गाडी हाती दिली की उतारावर ब्रेकला पाय लावत नाही, इंजिनानेच गाडी अडवतो, आणि घाबरला की सांगतो, जे आमच्यातले निम्मे सांगत नाहीत. मग मी नकार का दिला? त्याला गाडी मिळाली की माझ्या शेजारची जागा रिकामी होईल. आणि या वर्षी घाटात एकटं जायची मला भीती वाटते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वय झालं म्हणायचं. पण माझ्या भीतीपायी त्याची नोकरी टांगून ठेवतोय हे काही बरं नाही. पुढच्या फेरीनंतर सांगून टाकेन.

९ डिसेंबर

इलिदियोचा घसा बसला. ताप नाही, पण तोंडातून आवाज म्हणून फुटत नाही. गुनवोरने मध आणि गरम दूध पाठवलं. उद्या नको येऊस म्हटलं, तर त्याने जोरजोरात मान हलवली. येणारच. मला काय, उद्या शांततेत गाडी चालवायला मिळेल.

१० डिसेंबर

उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही, म्हणून आजच लिहितो.

सकाळी घाटाच्या फाटकावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. घाट एकेकट्या गाडीला बंद, ताफ्यानेच सोडत होते. ताफ्याचे नियम साधे. पुढे सिगवार्टचा नांगर, सगळ्यांत मागे राखणीची गाडी, मधल्यांनी एकामागोमाग जायचं. पुढच्याचे लाल दिवे सोडायचे नाहीत, आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. आमच्यापुढे पावाची व्हॅन होती. मागे आम्ही, ताज्या कॉडने भरलेले. इलिदियो गळ्याला दोन मफलर गुंडाळून बसला होता.

चढ चढेपर्यंत बरं होतं. चढ माझ्या पाठीला ठाऊक आहे. कॅबिनमध्ये एवढं शांत होतं की वायपरचा आवाज येत होता. मी म्हणालोसुद्धा, "बघ, किती छान वाटतं." त्याने माझ्याकडे पाहिलं पण हसला नाही.

माथ्यावर वाऱ्याने सगळं उचललं. पावाच्या व्हॅनचे दिवे आधी दोन होते, मग त्यांच्याभोवती कापूस धरला, मग एकच मोठा तांबूस गोळा झाला. मी त्या गोळ्याच्या मागे निघालो. इलिदियोने डॅशबोर्डवर हात आपटला. मला वाटलं पाणी हवंय. त्याने उजवीकडे बोट दाखवलं, माझा दंड धरून हलवला, तोंड उघडून काहीतरी ओरडला, पण नुसती हवा बाहेर आली. मी खेकसलो, "चालवू दे मला." तेव्हा त्याने वाकून हँडब्रेकची लिव्हर ओढली.

गाडी थडथडून थांबली. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने खिशातली बॅटरी काढली आणि माझ्या खिडकीतून उजेड टाकला. तिथे काहीच नव्हतं. मग त्याच्या बाजूच्या खिडकीतून टाकला. तिथे, हाताच्या अंतरावर, एक काठी होती. मी डोळे ताणून पाहिली, तिच्या चमकत्या पट्टीची पाठ आमच्याकडे होती. ती रस्त्याच्या डाव्या कडेची काठी होती, आणि ती आमच्या उजव्या हाताला होती.

म्हणजे आम्ही रस्त्यावर नव्हतोच. मला ती जागा कळली. माथ्यावर रस्ता उजवीकडे वळतो आणि डावीकडे मोकळं मैदान आहे, तिथे पलीकडच्या बाजूचा नांगर दिवे लावून उभा असतो. पावाची व्हॅन वळली होती. मी त्या उभ्या नांगराच्या दिव्यांवर निघालो होतो. आणि मैदानाची कड कुठे तुटते तेही मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिथे थांबून मी डबा खातो, खाली खोल तळं दिसतं.

"तुला काठ्या दिसत होत्या?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. हो.

"सगळ्या?"

हो.

मला एकही दिसली नव्हती. आज नाही, परवाही नाही. गेला महिनाभर मी गाडी कानांनी चालवत होतो, आणि आज कान बंद होते.

इतक्यात रेडिओवर मागचा राखणवाला आला. "काय आर्नफिन, कॉफीला थांबलास काय?"

"साखळी ढिली झालीय," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

आतल्या आत सरकून आम्ही जागा बदलल्या. माझे गुडघे आणि त्याचे मफलर एकमेकांत अडकले. त्याने गाडी हळूहळू मागे घेतली, काठी पुन्हा डाव्या हाताला आली, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. कॉडने भरलेली गाडी घेऊन, वादळात, पलीकडचा उतार तो कधीच उतरला नव्हता, आणि विचारायला त्याच्याकडे आवाज नव्हता.

मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर घाट स्वच्छ दिसला, दगडन्‌दगड. मग मी बोलायला लागलो. "आता उजवं वळण, लांबलचक, गिअर आधीच खाली घे. आता वारा डावीकडून मारेल, स्टिअरिंग घट्ट धर पण भांडू नकोस. पूल येईल, पुलावर बर्फ नसतो, नुसता काचेसारखा थर असतो, पाय सगळ्यावरून काढ. आता सोड. शाब्बास." अख्खा उतार मी बडबडत होतो. तो मला गप्प बस म्हणाला नाही. म्हणू शकत नव्हता हेही खरं.

पायथ्याला पोचल्यावर त्याने गाडी गिअरमध्ये उभी केली, खाली उतरून चाकांना उटी लावली, आणि मग बाजूला जाऊन ओकला. मी त्याची पाठ चोळत राहिलो.

११ डिसेंबर

इलिदियोचा आवाज थोडा आलाय, गंजलेल्या बिजागरीसारखा. मासा उतरवून होईपर्यंत आम्ही धक्क्यावरच्या खानावळीत बसलो होतो.

"माझ्या डोळ्यांचं योरुनने सांगितलं होतं तुला?" मी विचारलं.

"कुणीच नाही, उस्ताद. तुम्ही टपालपेटीला हात केलात ना, त्या दिवशी कळलं."

लाल कोटातला सिगवार्ट. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं.

"मग तोंडाने सांगितलं का नाहीस?"

"माझा निकाल तुमच्या हातात. शिकणाऱ्याने उस्तादाला कसं सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही? आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही."

"माझे वडील होडी चालवायचे," तो म्हणाला. "डोळे गेले तरी सुकाणू सोडेनात. मग भाऊ आणि मी पुढे बसून मोठ्याने बोलायचो. डावीकडे खडक, उजवीकडे जाळं. ते ओरडायचे, गप्प बसा रे, मासे पळतात. बरीच वर्षं चाललं तसं."

"मग?"

"मग एक दिवस आम्ही दोघंही बाजारात गेलो होतो."

मी त्याच्या बशीत माझ्यातला अर्धा पाव ठेवला. परतीची गाडी त्याने चालवली.

१३ डिसेंबर

आज योरुनकडे गेलो. कॉफी मीच ओतली आणि तिच्यापुढे सरकवली. ती कपाकडे बघतच राहिली.

"इलिदियो घाट एकट्याने करू शकतो," मी म्हणालो. "मी नाही करू शकत." आणि किल्ली टेबलावर ठेवली. मग माथ्यावरचं सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने मला अशा शिव्या दिल्या की तिचे वडील थडग्यात कौतुकाने हसले असतील, कारण त्यातल्या बऱ्याचशा त्यांच्याच होत्या. घाटात समोरून येणाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं, असं तिने विचारलं. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "मोतीबिंदू असेल तर काढता येतो. नसेल तर नाही. काहीही निघो, नवे ड्रायव्हर तयार करायला तूच लागशील. पण डावीकडच्या, स्टिअरिंगसमोरच्या सीटवर बसायचं नाही."

बाहेर इलिदियो गाडी गरम करत होता. आज त्याची पहिली एकट्याची फेरी. मी खिडकीशी जाऊन उगीच म्हटलं, "माथ्यावर उजवं वळण."

"माहीत आहे, उस्ताद," तो म्हणाला. तरी गाडी निघाली तेव्हा तो आत एकटाच असून त्याचे ओठ हलत होते.

घरी चालत गेलो. रस्ता, कुंपण, झाडं सगळं करड्यात करडं. फाटकातून मात्र एक गोष्ट ठळक दिसली. आमची पायरी. तिथपर्यंत सरळ चालत गेलो आणि तिच्यावर उभा राहिलो. गुनवोरने दार उघडलं. तिला बातमी आधीच लागली होती, गाव केवढंसं.

"ही पायरी तू पिवळी का रंगवलीस?" मी विचारलं.

"लाल लावून बघितला होता आधी," ती म्हणाली. "तू त्याच्यावरही अडखळलास. ये आत, मासा निवतोय."